८७ व्या क्रमांकाचे गाव : हर्निंग आइस हॉकी क्लबचा इतिहास

१/ उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीग, म्हणजेच एनएचएल, ही आइस हॉकीची जगातील सर्वांत बलाढ्य स्पर्धा. तिच्यातील संघ दरवर्षी जगभरातील तरुण खेळाडूंची क्रमवार निवड करतात. या निवडीला ‘ड्राफ्ट’ म्हणतात. २००२, २००४ आणि २०१२ या तीन वर्षांच्या ड्राफ्टमध्ये ८७ व्या क्रमांकावर पुकारलेला खेळाडू प्रत्येक वेळी एकाच गावचा निघाला. ते गाव ना कॅनडातले, ना रशियातले, ना स्वीडनमधले. डेन्मार्कच्या जटलंड द्वीपकल्पाच्या मध्यभागी, समुद्रापासून दूर, सुमारे ५० हजार वस्तीचे हे गाव आहे. त्याचे नाव हर्निंग.

२/ ते तिघे असे : फ्रान्स निल्सन (न्यूयॉर्क आयलंडर्स, २००२), पीटर रेगिन (ऑटावा सेनेटर्स, २००४) आणि फ्रेडरिक अँडरसन (अ‍ॅनाहाइम डक्स, २०१२). पुढच्याच वर्षी कोलंबस ब्लू जॅकेट्सने ऑलिव्हर ब्योर्कस्ट्रँड याला ८९ व्या क्रमांकावर घेतले. तोही हर्निंगचाच. ८७ हा आकडा तीनदा यावा, हा निव्वळ योगायोग. चौघांचे गाव एक असावे, हा मात्र योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. चौघेही एकाच क्लबच्या बर्फावर वाढले होते आणि त्या क्लबला सत्तर वर्षांहून अधिक इतिहास आहे.

३/ “उत्तरेकडचा थंड देश, म्हणून बर्फावरचा खेळ” हे उत्तर सर्वांत आधी सुचते आणि तेच सर्वांत फसवे आहे. डेन्मार्क तीन बाजूंनी समुद्राने वेढलेला, सखल देश. समुद्रामुळे तिथला हिवाळा ओलसर आणि सौम्य असतो. जानेवारी-फेब्रुवारीत तापमान शून्य अंशाच्या आसपास घुटमळते. आज गोठलेले तळे परवा वितळलेले असते. उत्तर स्वीडन, फिनलंड किंवा कॅनडाच्या प्रेअरी प्रदेशात मुले महिनोन्‌महिने अंगणात स्केटिंग करतात. डॅनिश मुलांना निसर्गाने ही सवलत दिली नाही. म्हणून या देशातील आइस हॉकीचा इतिहास म्हणजे बर्फ कसा तयार करावा आणि कसा टिकवावा, याचाच इतिहास आहे.

४/ सुरुवात एका लाजिरवाण्या दिवसापासून करावी लागते. १२ फेब्रुवारी १९४९, स्टॉकहोम. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत प्रथमच उतरलेल्या डेन्मार्कसमोर कॅनडा होता. कॅनडाने आपला सर्वोत्तम संघही पाठवला नव्हता. खाणकामासाठी प्रसिद्ध असलेल्या सडबरी शहराचा ‘सडबरी वुल्व्ज’ हा हौशी संघ देशाचे प्रतिनिधित्व करत होता. पहिल्या सत्रात १३, दुसऱ्यात १६, तिसऱ्यात १८ गोल झाले आणि निकाल लागला ४७–०. साठ मिनिटांच्या खेळात सरासरी दर सव्वा मिनिटाला एक गोल. डेन्मार्कचा हा आजवरचा सर्वांत मोठा पराभव आहे.

५/ या आकड्यावर हसणे सोपे आहे. पण त्या संघाची पार्श्वभूमी पाहिली की हसू ओसरते. जर्मन व्याप्ती संपून जेमतेम चार वर्षे झाली होती. आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाचे सदस्यत्व डेन्मार्कला १९४६ मध्ये मिळाले होते. देशाची स्वतंत्र आइस हॉकी संघटना तर या पराभवानंतर, १९४९ च्या अखेरीस स्थापन झाली. म्हणजे आधी संघ गेला, हरला आणि मग संघटना उभी राहिली. याच काळात, १९४७ मध्ये, हर्निंगमध्ये काही मंडळींनी आइस हॉकी क्लब स्थापन केला होता. ४७–० च्या बातमीनेही तो क्लब बंद पडला नाही, ही त्याच्या इतिहासातील पहिली नोंद घेण्याजोगी गोष्ट.

६/ हर्निंग हे जुने, तटबंदीचे शहर नाही. मध्य जटलंडची जमीन म्हणजे शतकानुशतके पडीक, रेताड माळरान. १८६४ च्या युद्धात प्रशिया आणि ऑस्ट्रियाकडून हरल्यावर डेन्मार्कने श्लेस्विग आणि होल्स्टाइन हे दक्षिणेकडचे प्रांत गमावले. बाहेर गेलेली भूमी आत भरून काढावी, अशी भावना तेव्हा देशात प्रबळ झाली. १८६६ मध्ये एन्रिको डाल्गास यांच्या पुढाकाराने माळरान-सुधार संस्था उभी राहिली. माळ नांगरले गेले, झाडांच्या रांगांनी वारा अडवला गेला, रेल्वे आली. हर्निंगला शहराचा दर्जा मिळाला तो थेट १९१३ मध्ये. विसाव्या शतकात ‘शहर’ झालेले हे गाव आहे.

७/ या भागातील शेतकरी कुटुंबे हिवाळ्यात लोकरीचे मोजे विणत आणि फेरीवाले ते देशभर विकत. नापीक जमिनीला दिलेली ती जोड होती. त्याच विणकामातून पुढे कापडगिरण्या आणि तयार कपड्यांचे कारखाने उभे राहिले. शर्ट बनवणारे कारखानदार ओगे डॅमगॉर हे या गावाच्या स्वभावाचे उत्तम उदाहरण. त्यांनी कलावंतांना कारखान्यात राहायला आणि काम करायला बोलावले. इटालियन कलावंत पिएरो मांझोनी १९६० आणि १९६१ मध्ये इथे येऊन गेला. त्याचे ‘जगाचा चौथरा’ हे प्रसिद्ध शिल्प हर्निंगमध्येच घडले. जे आपल्याकडे नाही ते बाहेरून आणावे आणि इथे रुजवावे, ही या गावाची रीत होती. हॉकीतही पुढे तेच घडले.

८/ सुरुवातीच्या काळातील डॅनिश हॉकीचे वेळापत्रक हवामानखाते ठरवत असे. थंडी पडली की खेळ, उबारा आला की सुट्टी. अशा स्थितीत खेळाडू घडणे जवळपास अशक्य असते. स्केटिंग ही चालण्यासारखी गोष्ट आहे. ती लहान वयात आणि सातत्याने अंगात मुरावी लागते. पायाखालचे पाते, हातातली काठी आणि सरपटणारी रबरी चकती या तिन्हींचा मेळ विचार न करता बसला पाहिजे. वर्षातून दोन-तीन आठवडे सराव करणारा मुलगा आठ महिने सराव करणाऱ्या मुलाशी कधीच बरोबरी करू शकत नाही. ४७–० चा खरा अर्थ हा होता. तो तासांमधला फरक होता.

९/ या फरकावर उपाय होता कृत्रिम बर्फाचा. त्याचे तंत्र असे : सपाट फरशीखाली नळ्यांचे दाट जाळे अंथरले जाते. त्यातून शून्य अंशाच्या खूप खाली थंड केलेले मिठाचे पाणी किंवा तत्सम द्रव खेळवला जातो. मीठ मिसळलेले असल्याने ते स्वतः गोठत नाही, पण फरशी गोठवते. मग फरशीवर पाण्याचे पातळ थर एकावर एक दिले जातात. काही सेंटिमीटर जाडीचा बर्फ तयार झाला की साधारण ६० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद रिंक सज्ज होते. यंत्र बंद पडले तर सारे पाणी होते. म्हणजे विजेचे बिल भरणारा कोणीतरी रोज लागतो.

१०/ ते बिल कोण भरतो, हा प्रश्न इतिहासाच्या दृष्टीने कळीचा आहे. डेन्मार्कमध्ये खेळ हा मुख्यतः ‘संघटने’चा विषय : सभासद, वर्गणी, निवडून आलेले कार्यकारी मंडळ, विनामोबदला काम करणारे पालक. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या कल्याणकारी राज्यात नगरपालिकांनी अशा संघटनांना सभागृहे, मैदाने आणि बर्फाची रिंक उपलब्ध करून दिली. नगरपालिकेचे छत आणि पालकांचे श्रम, या दोन खांबांवर डॅनिश आइस हॉकी उभी राहिली. मोठा धनिक किंवा दूरचित्रवाणीचा पैसा या कहाणीत फार उशिरा येतो आणि तोही बेताचाच.

११/ राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा १९५० च्या दशकाच्या मध्यात सुरू झाली. पहिल्या काळात वर्चस्व होते ते कोपनहेगन आणि त्याच्या उपनगरांचे. राजधानीत लोकसंख्या होती, सोयी होत्या आणि एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेली स्केटिंग मंडळेही होती. त्या तुलनेत मध्य जटलंडमधील कापडगाव म्हणजे आडवाटेचा मुलूख. हर्निंगला पहिले विजेतेपद मिळायला १९७७ साल उजाडले. स्थापनेनंतर तीस वर्षे. संघटनेच्या आयुष्यात तीस वर्षे म्हणजे एक पूर्ण पिढी. ज्यांनी पहिल्यांदा काठी धरली, त्यांची मुले एव्हाना मैदानात होती.

१२/ १९९० च्या दशकात आणि त्यानंतरच्या दशकात हर्निंग हे डॅनिश हॉकीतील सर्वांत जबर नाव बनले. ‘ब्लू फॉक्स’, म्हणजे निळा कोल्हा, हे नाव याच संघाचे. एकामागून एक विजेतेपदे येत गेली. २०११ आणि २०१२ मध्ये सलग दोनदा करंडक हर्निंगला आला. देशातील सर्वाधिक यशस्वी क्लबांच्या यादीत हे नाव अग्रभागी आहे. एवढ्यावर इतिहास संपवला, तर तो विजयाच्या फलकापुरता उरेल. पण या क्लबने जे घडवले त्याचा मोठा भाग करंडकांच्या कपाटात दिसत नाही. तो शोधायचा तर घराघरांत जावे लागते.

१३/ फ्रान्स निल्सनचे वडील फ्रिट्स निल्सन हर्निंगचे आणि डेन्मार्कचे खेळाडू, पुढे प्रशिक्षक. फ्रान्सचा धाकटा भाऊ सायमन हर्निंगचा गोलरक्षक. फ्रेडरिक अँडरसनचे वडील अर्न्स्ट अँडरसन हेही गोलरक्षक. तेही डेन्मार्ककडून खेळलेले. ऑलिव्हरचे वडील टॉड ब्योर्कस्ट्रँड मूळचे अमेरिकेतील मिनेसोटा राज्याचे. ते खेळाडू म्हणून जटलंडमध्ये आले, इथेच स्थिरावले आणि प्रशिक्षक झाले. चौघांपैकी तिघांच्या घरी बर्फाची भाषा आधीच बोलली जात होती. त्या वडिलांपैकी कोणालाही एनएचएल लाभली नाही. त्यांच्या पिढीसमोर ती वाटच नव्हती.

१४/ मग हे सारे रक्तात होते का? आनुवंशिकतेचे उत्तर मोहक असते, कारण ते पुढचे प्रश्न बंद करते. पण घराण्याचा वारसा चालायला जागा लागते. वडिलांना येणारी कला मुलाकडे जायची, तर दोघांना एकाच छताखाली, हिवाळ्यामागून हिवाळे, उभे राहावे लागते. हर्निंगमध्ये ते छत होते. वरिष्ठ संघ आणि मुलांचे गट एकाच क्लबच्या छायेत वाढत होते. काल ज्याचा सामना पाहिला तो खेळाडू उद्या सरावाला समोर उभा असे. अमेरिकेतून आलेला खेळाडू करार संपल्यावर निघून न जाता तिथे राहिला, तर त्याचा मुलगा त्या गावचा होतो. रक्तापेक्षा या सहवासाला अधिक श्रेय द्यावे लागते. रेगिनचे नाव याच संदर्भात लक्षात घ्यावे. ही वाट केवळ खेळाडूंच्या मुलांसाठी नव्हती.

१५/ इथे एक सावधगिरी हवी. इतिहास यशस्वी नावांवरून मागे लिहिला की सारे अटळ वाटू लागते. चार नावांच्या मागे अशी कितीतरी मुले आहेत जी त्याच रिंकवर, त्याच पहाटे, तितक्याच जिद्दीने आली आणि पुढे शिक्षक, सुतार, परिचारिका झाली. त्यांच्या वर्गणीवर क्लब चालला, त्यांच्या पालकांनी गाड्या चालवल्या, त्यांच्याशी टक्कर देत ते चौघे घडले. संपूर्ण डेन्मार्कमध्ये नोंदणीकृत आइस हॉकीपटूंची संख्या काही हजारांच्या पलीकडे जात नाही. इतक्या लहान समूहात प्रत्येक साधारण खेळाडूही मोलाचा असतो. तो नसेल तर सरावाला संघच पुरा होत नाही.

१६/ आता या कहाणीतील दुखरी बाजू. फ्रान्स निल्सन किशोरवयातच हर्निंगच्या वरिष्ठ संघातून खेळू लागला आणि २००१ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, स्वीडनमधील माल्मो संघाकडे गेला. रेगिन २००५ मध्ये स्वीडनच्या टिम्रॉ संघात गेला. अँडरसन हर्निंगहून आधी डेन्मार्कमधीलच फ्रेडरिक्सहाव्हनला आणि २०११ मध्ये स्वीडनच्या फ्रोलुंडाला गेला. ब्योर्कस्ट्रँड २०११–१२ च्या विजेत्या हंगामात सोळा वर्षांचा असताना हर्निंगकडून खेळला आणि लगेच अमेरिकेतील पोर्टलंडच्या कनिष्ठ संघाकडे रवाना झाला. ज्यांच्यावर क्लबने दहा-बारा वर्षे खर्च केली, ते ऐन उमेदीत तिथे राहिले नाहीत.

१७/ ६ जानेवारी २००७ रोजी निल्सन न्यूयॉर्क आयलंडर्सकडून मैदानात उतरला. डेन्मार्कमध्ये घडून एनएचएलमध्ये खेळणारा तो पहिला खेळाडू. ‘घडून’ हा शब्द महत्त्वाचा आहे. त्याच्या चार दशके आधी पॉल पोपिएल हा डेन्मार्कमध्ये जन्मलेला खेळाडू या लीगमध्ये खेळला होता. पण त्याचे बालपण आणि त्याचा बर्फ, दोन्ही कॅनडातले. जन्मस्थान पारपत्रावर लिहिले जाते, घडण मात्र क्लबच्या वहीत. निल्सनने आयलंडर्स आणि डेट्रॉइट रेड विंग्ज या दोन संघांकडून मिळून ९०० हून अधिक सामने खेळले. बरोबरी सोडवण्यासाठी एकेकट्याने घ्यायच्या फटक्यांत तो लीगमधील अत्यंत भरवशाचा खेळाडू मानला गेला.

१८/ अँडरसनची वाट अधिक वळणाची. २०१० मध्ये कॅरोलायना हरिकेन्सने त्याला १८७ व्या क्रमांकावर निवडले, पण करार झाला नाही. दोन वर्षांनी तो पुन्हा ड्राफ्टमध्ये आला आणि बरोबर शंभर क्रमांक वर, ८७ व्या स्थानी, निवडला गेला. सर्वांत कमी गोल स्वीकारणाऱ्या संघाच्या गोलरक्षकांना मिळणारा जेनिंग्ज करंडक त्याने सहकाऱ्यांसह दोनदा मिळवला : २०१६ मध्ये अ‍ॅनाहाइमकडून आणि २०२२ मध्ये कॅरोलायनाकडून. ज्या संघाने आधी हातचा जाऊ दिला, त्याच संघाच्या जाळीसमोर तो अखेर उभा राहिला.

१९/ हर्निंग या खेळाडूंना का टिकवू शकले नाही? उत्तर साध्या हिशेबात आहे. साठ लाखांच्या आसपास लोकसंख्येचा देश, त्यात फुटबॉल आणि हँडबॉलचे वेड, प्रेक्षकांची संख्या मर्यादित. शेजारी स्वीडनची लीग, जिथे पगार, स्पर्धेची धार आणि पुढची वाट, तिन्ही मोठ्या. डॅनिश लीगचे आजचे नाव ‘मेटल लीग’ असे आहे आणि ते मिळाले आहे धातुकामगारांच्या संघटनेकडून. एक कामगार संघटना देशातील सर्वोच्च व्यावसायिक हॉकी लीगची मुख्य प्रायोजक असावी, यातच या खेळाचे सामाजिक आणि आर्थिक स्थान दिसते.

२०/ त्यात आणखी एक दुहेरी रचना. डेन्मार्कमध्ये व्यावसायिक वरिष्ठ संघ बहुधा कंपनीच्या रूपात चालतो, तर मुलांचे आणि हौशी गट ‘मातृसंस्था’ असलेल्या जुन्या क्लबकडे राहतात. हर्निंगमध्ये ब्लू फॉक्स हा व्यावसायिक संघ आणि त्यामागे १९४७ ची मातृसंस्था. कंपन्या डबघाईला येतात, मालक बदलतात, नावे बदलतात. कोपनहेगनच्या उत्तरेकडील रुंगस्टेडचा संघ दोन दशकांत कोब्राज, नॉर्डशेलँड कोब्राज, रुंगस्टेड सीयर कॅपिटल अशा नावांतून गेला. फलकावरचे नाव पुसले गेले तरी शनिवारी सकाळी स्केट बांधणारी मुले त्याच रिंकवर येत राहतात. सातत्य मातृसंस्थेचे असते.

२१/ खेळाडू गमावणे हा तोटा की यश? क्लबच्या ताळेबंदात तो तोटाच. पण देशाच्या पातळीवर पाहिले तर चित्र पालटते. १९४९ नंतर डेन्मार्क जागतिक स्पर्धेच्या सर्वोच्च गटात परतला तो २००३ मध्ये, ५४ वर्षांनी. फिनलंडमधील त्या स्पर्धेत पहिल्याच सामन्यात त्यांनी अमेरिकेला ५–२ असे हरवले आणि पुढे कॅनडाशी २–२ अशी बरोबरी साधली. ज्या कॅनडाने ४७ गोल केले होते, तोच हा कॅनडा. २०१० मध्ये डेन्मार्क प्रथमच उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला. २०२२ मध्ये प्रथमच हिवाळी ऑलिंपिकमध्ये खेळला. निल्सन आणि रेगिन त्या संघात होते. बाहेर गेलेले खेळाडू राष्ट्रीय संघात परतताना एक नवी सवय घेऊन येत होते, न घाबरण्याची.

२२/ हे श्रेय एकट्या हर्निंगचे नाही, हेही नोंदवले पाहिजे. कोपनहेगनजवळच्या रॉडोव्हरेने यानिक हान्सन आणि लार्स एलर घडवले. हान्सन २००४ मध्ये तब्बल २८७ व्या क्रमांकावर निवडला गेला आणि तरीही एनएचएलमध्ये दीर्घकाळ खेळला. एलरने २०१८ मध्ये वॉशिंग्टन कॅपिटल्सकडून निर्णायक गोल करत स्टॅन्ली करंडक जिंकला. असा मान मिळवणारा तो पहिला डॅनिश खेळाडू. ऑलबोर्गच्या हाइन्झ एलर्सला १९८४ मध्येच न्यूयॉर्क रेंजर्सने निवडले होते, पण तो तिथे कधी खेळला नाही. त्याचा मुलगा निकोलाय मात्र खेळला. पिता-पुत्रांची साखळी आणि गावचा क्लब, हा आकृतिबंध देशभर दिसतो. हर्निंगमध्ये तो सर्वांत ठळक आहे, इतकेच.

२३/ मे २०१८ मध्ये जागतिक अजिंक्यपद स्पर्धा प्रथमच डेन्मार्कला मिळाली. सामने दोन शहरांत वाटले गेले : राजधानी कोपनहेगन आणि हर्निंग. यजमान डेन्मार्कचे साखळी सामने राजधानीत नव्हे, हर्निंगमध्ये झाले. २०१० मध्ये उघडलेल्या ‘बॉक्सन’ या भव्य बंदिस्त क्रीडागारात दहा हजारांहून अधिक प्रेक्षक मावतात; म्हणजे गावातील दर चार-पाच माणसांमागे एक आसन. तिथे डेन्मार्कने बलाढ्य फिनलंडला ३–२ असे नमवले. जाळीसमोर होता फ्रेडरिक अँडरसन. ज्या गावात वडील गोलरक्षक होते, त्याच गावात, जगासमोर.

२४/ आणि मग २२ मे २०२५. पुन्हा जागतिक स्पर्धा, पुन्हा हर्निंग, उपांत्यपूर्व फेरी, समोर कॅनडा. या वेळी कॅनडाने हौशी संघ पाठवला नव्हता. सिडनी क्रॉस्बी आणि नेथन मॅककिनन यांच्यासारखे या काळातील अव्वल खेळाडू संघात होते. तिसऱ्या सत्रात कॅनडाने आघाडी घेतली. सामना संपायला २ मिनिटे १७ सेकंद असताना निकोलाय एलर्सने बरोबरी साधली. ४९ सेकंद उरले असताना निक ओलेसनने दुसरा गोल केला. गोलरक्षक फ्रेडरिक डिचॉवने कॅनडाचे जवळपास चाळीस फटके अडवले. डेन्मार्क २, कॅनडा १. डेन्मार्क प्रथमच उपांत्य फेरीत.

२५/ या विजयाची एक बाजू फारशी बोलली जात नाही. हर्निंगच्या त्या चौघांपैकी एकही जण त्या रात्री बर्फावर नव्हता. निल्सन निवृत्त झाला होता, रेगिन संघात नव्हता, ब्योर्कस्ट्रँड जखमी होता आणि अँडरसन अमेरिकेत कॅरोलायनाकडून एनएचएलच्या बाद फेरीत गुंतला होता. तरीही डेन्मार्क जिंकला. चार माणसांवर उभे असलेले यश त्या चौघांबरोबर संपले असते. ते संपले नाही, कारण तोवर त्या यशाची वाट अनेक क्लबांतून गेलेली होती.

२६/ कथा इथे थांबवली तर ती परीकथा होईल. दोनच दिवसांनी, २४ मे रोजी, उपांत्य सामन्यात स्वित्झर्लंडने डेन्मार्कला ७–० असे धुऊन काढले. त्यानंतर कांस्यपदकाच्या लढतीत स्वीडनने ६–२ ने हरवले. हे दोन्ही सामने झाले स्टॉकहोममध्ये, म्हणजे ४७–० च्याच शहरात. चौथे स्थान ही डेन्मार्कची आजवरची सर्वोत्तम कामगिरी. आणि ती दोन मोठ्या पराभवांनी पूर्ण झाली. लहान देशाची प्रगती अशीच असते. अंतर कमी होते, नाहीसे होत नाही.

२७/ क्लबच्या इतिहासात बहुधा करंडक मोजले जातात, कारण ते मोजता येतात. हर्निंगचा इतिहास मोजण्याची आणखी एक रीत आहे : या क्लबने किती जणांना स्वतःपेक्षा मोठ्या ठिकाणी जाण्याइतके सक्षम केले आणि ते गेल्यावरही रिंकवरचे दिवे किती वर्षे चालू ठेवले. १९४७ मध्ये क्लब काढणाऱ्यांकडे भरवशाचा हिवाळा नव्हता. १९४९ मध्ये त्यांच्या देशाकडे अब्रू वाचवण्याइतकाही संघ नव्हता. त्यांच्याकडे होती फक्त पुढच्या आठवड्यात पुन्हा जमण्याची सवय. पडीक माळावर झाडे लावणाऱ्यांच्या वारसांना ती नवी नव्हती. लावणाऱ्याला सावली मिळतेच असे नाही, हे त्या गावाला ठाऊक होते.

२८/ आजही हर्निंगच्या रिंकखाली थंड द्रव नळ्यांतून फिरतो आहे, वर पाण्याचे थर दिले जात आहेत आणि सहा-सात वर्षांची मुले कठड्याला धरून पहिली पावले टाकत आहेत. त्यांच्यातील एखादा उद्या स्वीडनला जाईल, एखादा त्याहून दूर. बाकीचे गावातच राहतील आणि त्यांची मुले घेऊन याच दाराशी येतील. क्लब टिकतो तो या दुसऱ्या गटामुळे. ड्राफ्टच्या यादीत त्यांना कोणताच क्रमांक नसतो. ८७ व्या क्रमांकामागचा इतिहास मात्र त्यांचाच आहे.